निळं घर

ब्रॅनिश गावात वारा पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा राहतो. स्कॉटलंडच्या लुईस बेटाच्या पश्चिम टोकाला ही एकतीस घरं, आणि पुढे थेट अमेरिका. मधे अडवायला साधं झुडूप नाही. तिथल्या कोंबड्या म्हणे अंडं घालताना वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि मग अंडं शोधायला शेजारच्या गावी जातात. खरंखोटं कोंबड्यांना ठाऊक. पण मर्डिना मॅकऑलेच्या घरात पडदे खिडकी बंद असतानाच जास्त फडफडायचे, हे मात्र खरं.

सरकारने काही कमी खटपट केली नव्हती. पहिली योजना आली तेव्हा माणसांनी घरांच्या दुहेरी भिंतींत थर्माकोलचे बारीक मणी भरले. मर्डिनाच्या भिंतीला इतक्या फटी, की पहिल्याच वादळात सगळे मणी किल्लीच्या भोकातून भसाभस बाहेर पडले. महिना जूनचा. पाद्रीबाबांनी खिडकीतून पाहिलं, बर्फ समजले आणि सबंध गावाला गुडघ्यांवर बसवून पश्चात्ताप करायला लावला. दोघांनी त्या भरात जुनी पापंही कबूल केली. ती अजून निस्तरताहेत.

दुसऱ्या योजनेत मर्डिनाची ओतीव लोखंडाची चूल उचलून नेली आणि तिच्या जागी विजेचे हीटर बसवले. रात्रीच्या स्वस्त विजेवर त्यांच्या पोटातल्या विटा तापायच्या आणि दिवसा ऊब द्यायच्या. दोन-तीन वर्षं बरं चाललं. मग रात्रीची वीजही स्वस्त राहिली नाही. मर्डिनाचं मीटर आधी पैसे घेऊन मग वीज देणारं. हीटर लावले की ते असं पळायचं, जसं कुणी मागे लागलंय. तिने एक दिवस हीटर बंद केले. त्याला आता चार हिवाळे झाले होते, आणि ही गोष्ट फक्त तिला आणि तिच्या मांजराला माहीत होती.

लहान गावात असली गोष्ट लपते कशी? तर गावाच्या रीतीमुळेच. ब्रॅनिशमध्ये संध्याकाळी कुणाच्याही घरात दार न ठोठावता शिरायचं, चहा घ्यायचा, गप्पा हाणायच्या, हा शिरस्ता. मर्डिनाने तीस वर्षं फिरत्या दुकानाची गाडी चालवलेली. गप्पांचा साठा मोठा, आणि कमी पडलाच तर ती जागच्या जागी तयार करायची. ती आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे, त्यामुळे तिच्या घरी यायची वेळ कुणावर येतच नसे. आली नसती तर लोकांनी चौकशी केली असती. रोज येत होती, म्हणून कुणी केली नाही.

मग तिसरी योजना आली. जानेवारीत कौन्सिलची एक गाडी गावातून हळूहळू फिरली. तिच्या टपावर उष्णता टिपणारा कॅमेरा होता. ज्या घरातून ऊब बाहेर गळते ते फोटोत लाल दिसणार, आणि लाल घरांच्या भिंतींना, छपरांना सरकार फुकटात जाड अस्तर घालून देणार. आठवड्याभरात फोटो सभागृहाच्या फळ्यावर लागले. तीस घरं निखाऱ्यासारखी लाल. एकच घर निळंशार.

मर्डिनाला पत्र आलं: अभिनंदन, आपलं घर गावात सर्वांत उत्तम राखलेलं आहे, सबब आपलं नाव यादीत नाही.

त्या संध्याकाळी ती शेजारच्या टॉरमडकडे गेली. टॉरमड म्हणजे निवृत्त मच्छीमार, जिभेला लगाम नसलेला. त्याची बायको पेगी त्याहून वरचढ.

"या, थर्मासबाई!" टॉरमड ओरडला. "अगं, केलंस काय घराला?"

"कुठे काय," मर्डिना म्हणाली.

"मला सांगायला काय जातंय? मी काय कौन्सिलला सांगणार आहे?"

सांगायची वेळ ही होती. पण तोंड उघडलं आणि सवयीने भलतंच बाहेर पडलं. "माळ्यावर जुनी प्रवचनं पसरलीयत. माझ्या आजोबांनी चाळीस वर्षांची लिहून ठेवली होती. एवढी नरकाची आग एका जागी पडल्यावर थंडी आत येते कशाला?"

टॉरमड इतका हसला की पेगीने त्याची पाठ चोळली. पण दुसऱ्या दिवशी तो पाद्रीबाबांकडे जुने कागद मागायला गेलाच.

सोमवारी कौन्सिलची इश्बेल आली. पंचविशीची पोर, हातात छोटा कॅमेरा. हे नमुनेदार घर कसं बांधलंय ते तिला नोंदवून घ्यायचं होतं. ती आत आली, मफलर सोडला आणि लगेच परत गुंडाळला. बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

"बाई, इथे जरा गार आहे."

"मोकळी हवा मानवते मला."

इश्बेलने कॅमेरा भिंतींवरून फिरवला. भिंती निळ्या, छप्पर निळं, खिडक्या निळ्या. सबंध खोलीत तीनच लाल ठिपके: किटली, मांजर आणि स्वतः मर्डिना. इश्बेलने कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते ठिपके पुन्हा मोजले. मग हीटरवर तळहात ठेवून उभी राहिली.

"हा कॅमेरा बाहेर पडणारी ऊब बघतो," ती हळू आवाजात म्हणाली. "आत ऊबच नसली, तर त्याला काही दिसत नाही. मग सगळ्यांत चांगलं घर आणि सगळ्यांत गार घर, दोन्ही सारखीच निळी."

"मशीन चांगलं दिसतंय," मर्डिना म्हणाली. "पण अक्कल जरा बेताची."

"गुरुवारी मी बोटीने परत जाते. यादी त्याच दिवशी बंद होते. त्याआधी दिवसभर घर तापवलंत, तर मी नवा फोटो काढीन. जमेल?"

मर्डिनाने होकारार्थी मान हलवली. पोरगी गेल्यावर तिने मीटरकडे पाहिलं. या घराला दिवसभर तापवायचं म्हणजे बादलीने समुद्र उपसण्यासारखं होतं. येत्या वर्षी तिला ऐंशीवं लागणार होतं. मागच्या फेब्रुवारीत खोकल्याने ती तीन आठवडे इस्पितळात पडून होती, आणि डॉक्टर म्हणाला होता की पुढच्या वेळी मुक्काम लांबेल. गावाला तिने सांगितलं होतं, बहिणीकडे ग्लासगोला गेले होते.

ती परत टॉरमडकडे गेली. वाटेत वाक्य जुळवलं होतं, साधं, चार शब्दांचं. दारात पोचेपर्यंत त्याचं दुसरंच काही झालं.

"कौन्सिलचा विश्वासच बसत नाहीये," ती म्हणाली. "गुरुवारी परत फोटो काढणारेत. मी म्हटलं, एकदा घर असं भाजून काढू, की त्यांचं मशीनच फुटलं पाहिजे."

टॉरमडचे डोळे चमकले. सरकारची खोडी काढायची म्हटल्यावर ब्रॅनिशमध्ये मेलेला माणूसही उठून बूट शोधतो.

गुरुवारी उजाडताच माणसं येऊ लागली. कुणी गॅसची शेगडी आणली, कुणी रॉकेलचा स्टोव्ह. एकाने दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या पेटत्या विटा लोखंडी बादलीतून आणल्या. पेगीने उकळत्या बटाट्यांचं भलं मोठं पातेलं आणलं आणि खारवलेली हेरिंग मासळीही, कारण बटाटे आले म्हणजे हेरिंग आलीच. दुपारपर्यंत त्या खोल्यांत बावीस माणसं, सात शेगड्या आणि एक मेंढी होती. मेंढी कुणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. घर तापलं, आणि चहूबाजूंनी गळू लागलं. अंगणातला बर्फ वितळला. उत्तरेच्या भिंतीलगत गवताला पालवी फुटली असं म्हणतात. टॉरमड तर एक फूल दिसल्याची शपथ घेतो, पण त्याच्या शपथांना गावात भाव नाही.

मर्डिनाने कोट काढला. मग स्वेटर. मग दुसरा स्वेटर. आपल्याच खुर्चीत ती अशी बसली होती, जशी कुणाच्या घरी आलीय.

साडेचारला, अंधार पडल्यावर, इश्बेल बाहेरून फोटो काढून आत आली. फोटोतलं घर लालही नव्हतं, तापून तापून लालाच्याही पुढे गेलेल्या लोखंडासारखं पांढरंफटक होतं. खोलीत एकच जल्लोष झाला.

"आता एवढा फॉर्म," इश्बेल म्हणाली. "पहिला फोटो चुकीचा का आला, त्याचं कारण लिहावं लागतं." मग ती मर्डिनाजवळ वाकली. "आपण बाहेर ओसरीत जाऊया का?"

"इथेच वाच की," टॉरमड म्हणाला. "आमच्यापासून काय लपवायचंय?"

इश्बेलने मर्डिनाकडे पाहिलं. मर्डिनाने होकार दिला.

"तीन कारणं आहेत. घरमालक गावी नव्हते. किंवा हीटर नादुरुस्त होते. या दोन्हींत नाव पुढच्या वर्षीच्या यादीत जातं." तिने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "तिसऱ्या कारणात काम सगळ्यांच्या आधी, याच उन्हाळ्यात होतं."

"मग तिसरं लिही!" पेगी म्हणाली. "काय आहे तिसरं?"

इश्बेलने फॉर्म मर्डिनापुढे धरला. मर्डिनाच्या जिभेवर एक झकास थाप येऊन उभी होती: हीटर, मांजर आणि एक नॉर्वेजियन खलाशी. सगळ्यांना आवडली असती. बावीस चेहरे शेकून लाल झालेले, हसायला तयार. आणि पुढच्या फेब्रुवारीत परत ग्लासगोची बहीण काढावी लागली असती. ती बहीण खरं तर सोळा वर्षांपूर्वी वारली होती.

"तिसरं असं," मर्डिना म्हणाली, "की मला घर तापवायला परवडत नाही. चार हिवाळे मी हीटर लावलेला नाही. ते लिही."

शेगड्यांची फरफर तेवढी ऐकू येत होती, आणि फरशीच्या कडेने आत येणारा वारा.

"चार हिवाळे," टॉरमड शेवटी म्हणाला. "माझ्या शेगडीजवळ बसून मलाच थापा मारत होतीस. लाज नाही वाटली?"

"वाटली म्हणूनच मारल्या."

टॉरमडने टोपी काढली, परत घातली. "मला म्हणायचंय..."

"नको म्हणूस," पेगीने त्याला कोपर मारलं.

"म्हणणार! त्या दिवशी ती कॅमेऱ्याची गाडी येणार होती ना, तेव्हा हिने मला वरच्या खोल्यासुद्धा पेटवायला लावल्या. पाहुणे येणार आणि घर गार, शोभतं का म्हणे. दोन महिन्यांचं तेल एका संध्याकाळी गेलं. तेव्हापासून एवढी एकच खोली तापवतो आणि स्वयंपाकघरातच झोपतो."

"हळू बोल ना!" पेगी म्हणाली, पण तिच्यापलीकडे दोघं-तिघं एकदम आपल्या बुटांकडे बघू लागले होते, आणि खिडकीजवळच्या कुणीतरी घसा खाकरला.

इश्बेलने त्या तीस लाल घरांमधली ही सगळी माणसं एकेक करून पाहिली. मग पिशवीत हात घातला, तसल्याच कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. कुणी पुढे झालं नाही.

मर्डिना उठली. "मी चहा ठेवते," ती म्हणाली. "हे घर तासाभरात गार होतं. ज्याला काही लिहायचं असेल त्याने तोवर लिहून घ्या."