पा क्वेसीच्या दातांतली फट

वैजयंतीला एक कला जन्मापासून साधलेली होती, हसताना तोंडावर हात नेण्याची. समोरच्या दोन दातांत तांदळाचा दाणा सहज जाईल एवढी फट होती. बार्शीचा अभिमन्यू पाहायला आला, तेव्हा तिनं ओठ मिटूनच पोहे पुढे केले. पसंती झाली. आता लग्नाआधी फट बुजवून टाकायची म्हणून रंभाआत्यानं दातांच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली. "फोटो जन्माचं असत्यात गं," आत्या म्हणाली, आणि वैजयंतीला ते पटलं होतं.

बाकी पोरगी कामाला वाघ. सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ती कॉम्प्युटरवर जॅकार्डची, म्हणजे विणीतच उमटणारी, नक्षी काढायची. मालक आबासाहेबांना घानातून ऑर्डर आली. पा क्वेसी नावाच्या गायकाला गाऊ लागून पन्नास वर्षं झाली, म्हणून त्याच्या चेहऱ्याचे पाच हजार टॉवेल हवे होते. म्हातारा गाताना घाम पुसतो आणि टॉवेल गर्दीत भिरकावतो, तो झेलायला माणसं जिवाचं रान करतात म्हणे. फोटोत त्याच्या डोक्यावर टोपी होती आणि त्याच्याही दातांत फट होती. आपल्याकडे फ्लेक्सवर पुढाऱ्याचं टक्कलसुद्धा झाकतात, हा तर पाहुणा! वैजयंतीनं मोठ्या मायेनं ती बुजवून टाकली.

नमुना पोचला आणि आबासाहेब लालबुंद होऊन आले.

"अगं, ती लोकं इचारायलेत, टोपी आमच्या गायकाची हाय, पन ह्यो मानूस कोन? ऑर्डर जाती की हातची!"

मग तिनं त्याची गाणी लावली, त्याच्याविषयी मिळेल ते वाचलं. तरुणपणी तो ट्रकवर क्लीनर होता. रेडिओवाल्यांनी त्याला दोनदा परत पाठवलं, कारण गाताना फटीतून वारा शिट्टी घालायचा. तिसऱ्यांदा त्यानं त्या शिट्टीचंच धृपद केलं. आज तिकडे टॅक्सीचे हॉर्न त्या चालीवर वाजतात, लग्नात वरात तीच शिट्टी घालते, आणि नव्या गायकांच्या दातांत फट नसली तरी तेही ओठ मुडपून तसाच आवाज काढू बघतात. वैजयंती ऐकत राहिली. लहानपणी तीही अशीच शिट्टी वाजवायची, हे तिला किती वर्षांनी आठवलं! तिला फार बरं वाटलं.

पांढऱ्या दातांमध्ये दोन काळे धागे घातले, झालं काम. नवा नमुना पोचला, तेव्हा उत्तरादाखल तिकडून फोनवर नुसती एक लांबलचक शिट्टी आली. आबासाहेबांनी ती अख्ख्या कारखान्याला ऐकवली.

शनिवारी अभिमन्यू पत्रिकेचा नमुना घेऊन घरी आला. आत्या पिशवी घेऊन दवाखान्यात निघायच्या तयारीत बसली होती. वैजयंतीनं टॉवेल दोन्ही हातांनी पसरून धरला आणि झाला प्रकार सांगितला. आबासाहेबांची नक्कल करताना तिला जोराचं हसू आलं. तोंडावर न्यायला हात मोकळा नव्हता.

अभिमन्यूनं टॉवेलकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हातारबाची फट तुमी पुसली हुती. मग बघायच्या दिवशी तुमची कुनी पुसली हुती?"

टॉवेल तसाच धरून ती हसत राहिली. रंभाआत्यानं दोघांकडे पाहिलं, पिशवी खुंटीला अडकवली आणि चहा टाकायला आत गेली.